एकाच आघाडीकडे लागलेले डोळे

दक्षिण इटलीत डोंगराच्या उतारावर सान पिएत्रो नावाचं गाव होतं. ऑलिव्हच्या बागा, दगडी घरं आणि मधोमध चर्च. डिसेंबर १९४३ मध्ये अमेरिकी फौजेने ते जर्मनांकडून जिंकलं. जॉन ह्यूस्टन हे हॉलिवूडचे दिग्दर्शक तेव्हा सैन्यात कॅप्टन होते. त्यांनी या लढाईवर साधारण अर्ध्या तासाचा माहितीपट केला. युद्धावरचे माहितीपट पाहायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर मी याच चित्रपटाचं नाव घेतो. त्यात सैनिक बागांच्या बांधांवरून वर सरकताना दिसतात. स्फोट झाला की कॅमेराही हादरतो. पुढे मेलेल्या सैनिकांना पांढऱ्या कापडी पिशव्यांत गुंडाळून गाठी मारल्या जातात. हे सारं पाहून सैन्यातल्या वरिष्ठांचं धाबं दणाणलं. अशाने पोरांचं मनोधैर्य खचेल, म्हणून चित्रपट दाबून ठेवायचा विचार होता. पण सेनाप्रमुख जनरल मार्शल यांनी उलट निर्णय दिला. युद्धावर निघालेल्या पोराने युद्ध कसं असतं ते पाहूनच निघावं, असं त्यांचं मत पडलं. काटछाट होऊन १९४५ मध्ये तो लोकांसमोर आला.

पण मला बोलायचं आहे ते त्याच्या शेवटच्या काही मिनिटांविषयी. जर्मन निघून गेलेत, तोफा थांबल्यात आणि डोंगरातल्या गुहांतून गावकरी खाली येताहेत. बायका ढिगारे उपसताहेत. मुलं कॅमेऱ्याकडे पाहतात. काही लाजतात, काही हसतात. आधीच्या पंचवीस मिनिटांतल्या लढाईपेक्षा ही मिनिटं जास्त जड वाटतात. कारण त्या मुलांचं पुढे काय झालं, हा प्रश्न तिथे सुरू होतो आणि चित्रपट तिथेच संपतो.

युद्धावरचे बहुतेक माहितीपट याच जागी संपतात. कॅमेरा तोफांच्या मागोमाग जातो. तोफा पुढच्या गावाकडे निघाल्या की तोही निघतो. मागे राहिलेल्यांचं आणि वाट फुटेल तिकडे गेलेल्यांचं युद्ध मात्र पुढे कित्येक वर्षं चालू असतं. ते पाहण्यासाठी कोल्हापूरच्या माणसाला इटलीला जायची गरज नाही. शहराच्या पूर्वेला सात-आठ किलोमीटरवर, मिरजेच्या रेल्वेमार्गावर वळिवडे आहे, तिथवर गेलं तरी पुरे.

सान पिएत्रोपासून पंधरा-वीस किलोमीटरवर मोन्ते कासिनोचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर जुना मठ. १९४४ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत या डोंगरासाठी चार मोठ्या लढाया झाल्या. अमेरिकी, फ्रेंच, ब्रिटिश, न्यूझीलंडच्या आणि भारतीय तुकड्यांनी इथे रक्त सांडलं. अखेर १८ मे १९४४ रोजी मठाच्या अवशेषांवर झेंडा लागला तो पोलंडचा. जनरल आंडर्स यांच्या दुसऱ्या पोलिश कोअरच्या सैनिकांनी तो लावला. त्या डोंगरावरच्या पोलिश दफनभूमीत हजाराहून जास्त थडगी आहेत. आणि त्या दिवशी डोंगर चढणाऱ्या कितीतरी पोलिश सैनिकांच्या बायका, आया, बहिणी, मुलं पंचगंगेच्या काठी, वळिवड्याच्या शिबिरात होती.

पोलंडच्या बायका-मुलांनी कोल्हापूरजवळ चूल मांडावी, हे घडलं कसं? १ सप्टेंबर १९३९ ला हिटलरने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाची फौज पूर्वेकडून आत शिरली, हे मात्र आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. देशाचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडच्या तुकड्यातल्या लाखो लोकांना रशियन सत्तेने घरातून उचललं. पहिली मोठी धरपकड १० फेब्रुवारी १९४० ची. ऐन थंडीत, पहाटेच्या अंधारात दारावर थाप पडायची आणि सामान बांधायला थोडासा वेळ मिळायचा. मग मालगाडीच्या डब्यांत कोंडून आठवडेच्या आठवडे प्रवास. कुणी उत्तरेच्या जंगलांत लाकूडतोडीला, कुणी सैबेरियात, कुणी कझाकस्तानच्या माळांवर. जो काम करील त्यालाच पाव मिळे. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं आधी गेली.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला आणि पोलंडचा कालचा शत्रू एका रात्रीत मित्रराष्ट्रांच्या बाजूचा झाला. जुलैअखेर करार झाला, कैदेतले पोलिश लोक सुटले आणि त्यांच्यातून आंडर्स यांनी सैन्य उभारायला घेतलं. सैन्य जिकडे, तिकडे आपल्या माणसांची सावली, म्हणून बायका-मुलंही मिळेल त्या गाडीने, चालत, उपाशीपोटी दक्षिणेला उझबेकिस्तानकडे निघाली. वाटेत टायफसने असंख्य माणसं मेली. १९४२ मध्ये दोन टप्प्यांत सव्वा लाखाच्या आतबाहेर माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. पुरुष आणि तरुण मुली सैन्यात भरती होऊन इराक, पॅलेस्टाइन करत इटलीकडे गेल्या. मागे उरले त्यांचं काय करायचं? ब्रिटिश साम्राज्यात जिथे जागा मिळेल तिथे त्यांची पांगापांग झाली. बरेचसे पूर्व आफ्रिकेत गेले, काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आले.

हिंदुस्थानातल्या या कहाणीवर अनु राधा यांनी दिग्दर्शित केलेला ‘अ लिटल पोलंड इन इंडिया’ हा माहितीपट २०१३ मध्ये आला. त्याचा मुख्य विषय जामनगरजवळचं बालाचडी. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी शेकडो पोलिश मुलांना तिथे आसरा दिला. त्यांत अनाथ मुलं पुष्कळ होती आणि तुम्ही अनाथ नाही, असं त्यांना वाटेल अशी मायाही जामसाहेबांनी लावली. त्या मुलांपैकी जी हयात होती, ती या चित्रपटात वृद्ध चेहऱ्यांनी आपलं बालपण सांगतात. यात तोफ नाही, रणगाडा नाही, तरी मी याला युद्धपटच म्हणेन. लहानपणीच्या आठवणीला तारखा नसतात. भूक, थंडी, हातातून सुटलेला आईचा हात, एवढंच तिच्याजवळ असतं. सत्तरी-ऐंशी ओलांडलेला माणूस ते सांगताना मध्येच थांबतो आणि त्या थांबण्यात जे कळतं ते कुठल्याही जुन्या चित्रफितीत सापडत नाही. क्लोद लान्झमान यांनी ‘शोआ’ हा नऊ तासांहून मोठा माहितीपट १९८५ मध्ये केला. ज्यूंच्या संहाराविषयी बोलताना त्यांनी त्यात एकही जुनी फीत वापरली नाही. जगलेल्यांचे चेहरे, त्यांचं बोलणं आणि आज शांत दिसणाऱ्या त्या जागा, एवढ्यावरच सारं उभं केलं. माणूस साक्ष देत असताना आपण ऐकणं, याहून खरा युद्धपट मला ठाऊक नाही.

१९४६ मध्ये बालाचडी बंद झालं, तेव्हा तिथली उरलेली मुलं पाठवली गेली ती वळिवड्याला. हिंदुस्थानातलं पोलिश लोकांचं सर्वांत मोठं शिबिर हे. १९४३ मध्ये सुरू झालं, १९४८ मध्ये रिकामं झालं आणि मध्यंतरी इथे सुमारे ५,००० माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. पुरुष म्हणजे म्हातारे किंवा आजारी. कौलारू छपरांच्या, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती असलेल्या लांबच लांब बराकी. एकेका कुटुंबाला छोट्या खोल्या आणि पुढे पडवी. चर्च, दवाखाना, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा, स्काउटची पथकं, गायनवृंद, नाटकमंडळी. थोडक्यात, पोलंडमधलं एक लहानसं शहर. आजूबाजूच्या गावांतून भाजी, दूध, अंडी, फळं विकायला माणसं यायची. पोलिश बायका त्यांच्याशी मोडक्यातोडक्या मराठीत घासाघीस करायला शिकल्या. मुलं पंचगंगेत डुंबायची. एका तरुणीने कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केलं आणि शिबिर उठलं तरी ती जन्मभर इथेच राहिली.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण अलीकडे ती फार सैलपणे सांगितली जाते. बालाचडीला एका राजाचं मोठं मन कारणी लागलं होतं. वळिवड्याची हकीगत वेगळी आहे. कोल्हापूरचे राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले होते. १९४३ मध्ये गादीवर अजाण बालक होतं आणि कारभार त्याच्या नावाने दुसरे पाहत होते. शिबिराची योजना हिंदुस्थान सरकारची, खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारच्या खात्यावरचा आणि जागा कोल्हापूर संस्थानातली. हवा मानवणारी, पाण्याची सोय आणि रेल्वे जवळ, म्हणून ती निवडली. हे सांगितल्याने कोल्हापूरचं मोठेपण उणं होत नाही. माझ्या मते ते वाढतं. कारण मग श्रेय जातं ते रोज शिबिराच्या फाटकाशी पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला, सामान पोचवणाऱ्या टांगेवाल्याला, दुकानदाराला.

आणि हे लोक काही सुखात नव्हते. १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचं साल. महागाई आणि टंचाईने इथेही जीव मेटाकुटीला आला होता. त्याच्या आदल्याच वर्षी ‘चले जाव’चा वणवा पेटला होता. गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेले तरुण डिसेंबर १९४२ मध्ये गोळीबारात हुतात्मा झाले, ते याच जिल्ह्यात. म्हणजे एका बाजूला इंग्रजी सत्तेशी झुंज, दुसऱ्या बाजूला त्याच सत्तेच्या फौजेत लढायला गेलेली घरची मुलं आणि तिसऱ्या बाजूला त्याच सत्तेने आणून ठेवलेल्या परक्या बायका-मुलांशी शेजारधर्म. एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात या तिन्ही गोष्टी नांदत होत्या. या काळावर सरळ रेषेतला चित्रपट काढणाऱ्याची इथे गाळण उडेल.

घरची मुलं कुठे लढत होती? मराठा पलटणींची भरती कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, बेळगाव या टापूतली. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावाआधी आजही ‘सैनिक’ लागतं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली आणि तिसरी पलटण इटलीत होती. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि ते ठाणं घेता घेता धारातीर्थी पडले. ते बावीस वर्षांचे होते, माणगाव तालुक्यातले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ-स्मारक उभं राहिलं.

दुसरा प्रसंग ९ एप्रिल १९४५ चा. सेनिओ नदी. दोन्ही काठांना पुरासाठी बांधलेले उंच मातीचे बंधारे आणि त्या बंधाऱ्यांच्या पोटात जर्मनांनी खोदलेली ठाणी. पहिल्या मराठा पलटणीची एक लहान टोळी पलीकडच्या बंधाऱ्यावर चढली आणि जवळजवळ सगळी कापली गेली. तिच्यात नामदेव जाधव हे शिपाई होते, अहमदनगर जिल्ह्यातले. कंपनीचे निरोप पोचवणं हे त्यांचं काम. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक, खोल पाण्यातून, चढणीवरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणून सोडलं. मग ते परत गेले. मशीनगनची तीन ठाणी त्यांनी मोडून काढली. नंतर बंधाऱ्याच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि हात करून मागच्यांना पुढे बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते जिवंत परतले.

त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच चढाईचा भाग म्हणून जवळच्या पट्ट्यात पोलिश कोअरही नदी ओलांडत होती. मित्रराष्ट्रांच्याच विमानांचे काही बॉम्ब चुकून त्यांच्यावर पडले, तरी त्यांनी चढाई थांबवली नाही. बारा दिवसांनी, २१ एप्रिलला, ते बोलोन्या शहरात शिरले.

आता नकाशा जरा डोळ्यांसमोर आणा. करवीर-शिरोळच्या एखाद्या वाडीत मराठा शिपायाची आई टपालाची वाट पाहते आहे. पत्र आलं तर ते मास्तरांकडून वाचून घ्यायचं. लढाई कुठे चाललीय ते सेन्सॉरच्या काटछाटीतून कळणार नाहीच, पण पोरगा जिवंत आहे एवढं कळेल. तिथून काही कोसांवर, वळिवड्याच्या पडवीत पोलिश शिपायाची बायको टपालाची वाट पाहते आहे. दोघींचे डोळे एकाच आघाडीकडे लागलेले. नदीचं नावही एकच, सेनिओ. दोघींना ते नाव ठाऊक नसणार. बाजाराच्या दिवशी या दोघी समोरासमोर आल्या असतील, एकीने दुसरीला भेंडी किंवा वांगी विकली असतील. आपण दोघी एकाच गोष्टीसाठी देवाला हात जोडतो, हे एकमेकींना सांगायची सोय नव्हती.

हे दृश्य कुठल्याच माहितीपटात नाही. मी पाहिलेल्या कुठल्याही युद्धपटाने मला जितकं शिकवलं, त्याहून जास्त या न टिपलेल्या दृश्याने शिकवलं. पडद्यावर काय आहे हे पाहताना काय नाही याचाही शोध घ्यायची सवय त्यातून लागली.

कॅमेरा कुणाच्या हातात होता, हा त्या सवयीतला पहिला प्रश्न. कोल्हापूरला तो टाळता येणार नाही, कारण मराठी चित्रपटाचा पाळणा इथे हलला. याच मातीतले व्ही. शांताराम १९४० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म अॅडव्हायजरी बोर्डाचे काही काळ मुख्य निर्माते होते. युद्धाच्या प्रयत्नांना लोकांचा पाठिंबा मिळावा, म्हणून सरकारने काढलेली ही संस्था. १९४३ मध्ये तिची जागा इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडियाने घेतली, सोबत ‘इंडियन न्यूज परेड’ हे वार्तापत्र सुरू झालं आणि ते चित्रपटगृहांनी दाखवलंच पाहिजे असा संरक्षण कायद्याखाली नियम निघाला. तिकीट काढून सिनेमाला गेलेल्या माणसाला आधी सरकारचं युद्ध पाहावं लागे. आजच्या माहितीपटांत काळ्यापांढऱ्या फिती येतात, त्यांतल्या कितीतरी अशा हेतूने काढलेल्या असतात. म्हणून त्या टाकाऊ ठरत नाहीत. ज्याला जे दाखवायचं असतं ते तो चौकटीच्या मध्यभागी ठेवतो, पण चौकटीच्या कडेला त्याच्या नकळत खरं आयुष्य येऊन उभं राहतं. अनवाणी पाय, फाटका सदरा, कॅमेऱ्याकडे न पाहता आपलं काम करत राहिलेली बाई. कडांकडे पाहायला शिकावं.

सान पिएत्रोच्या बाबतीतही हे लागू आहे. त्यातली बरीचशी लढाईची दृश्यं प्रत्यक्ष लढाई संपल्यानंतर, सैनिकांना पुन्हा चालायला लावून टिपलेली आहेत, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. ज्यांना ते प्रथम कळतं त्यांचा हिरमोड होतो. मला वाटतं, हिरमोड व्हायचं कारण नाही, पण सावध मात्र व्हायला हवं. चढाईची चाल पुन्हा करवून घेता येते. पांढऱ्या पिशव्यांत गुंडाळलेली माणसं आणि ढिगारा उपसणाऱ्या त्या बायका पुन्हा करवून घेता येत नाहीत. काय घडवलं आणि काय घडलं, हे वेगळं करत पाहिलं की चित्रपट अधिक बोलका होतो.

आणि शेवट. मे १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपलं. माहितीपटांत इथे घंटा वाजतात, गर्दी नाचते, अनोळखी माणसं मिठ्या मारतात. वळिवड्यात त्या दिवशी काय वाटलं असेल? तीन महिने आधी, फेब्रुवारीत, याल्टाच्या परिषदेत पोलंडचा पूर्वेकडचा मोठा भाग रशियाकडे जाणार हे ठरून गेलं होतं. ज्या घरांतून १९४० मध्ये ही माणसं उचलली गेली, ती घरं आता पोलंडमध्येच उरणार नव्हती. म्हणजे सेनिओच्या पाण्यात उतरलेल्या पोलिश शिपायाला, आपलं गाव गेलं हे ठाऊक होतं, तरी तो उतरला. जुलैमध्ये ब्रिटन-अमेरिकेने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. जिंकलेल्या बाजूने लढून माणसं बेघर झाली. शिबिर आणखी अडीच-तीन वर्षं चाललं ते यामुळे. मग कुणी नवऱ्यामागे इंग्लंडला गेलं, कुणी पूर्व आफ्रिकेतल्या शिबिरांत, कुणी पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला. पोलंडला परतणारे थोडे. पाच वर्षांत शाळा, चर्च, सख्खे शेजारी, सारं जमलं होतं आणि निघताना इथूनही पाय निघत नव्हता, असं त्यांतल्या अनेकांनी म्हातारपणी सांगितलं आहे.

बराकी रिकाम्या झाल्या, पण ओस पडल्या नाहीत. फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबं त्यांत राहायला आली. ज्या पडवीत पोलिश बाई टपालाची वाट पाहत होती, तिथे आता कराची-हैदराबादकडची बाई बसली. तिचंही घर नकाशावरच्या एका रेषेने हिरावलं होतं. मुंबईजवळ युद्धासाठी उभारलेल्या लष्करी छावण्यांचं उल्हासनगर झालं, तसं या शिबिराचं गांधीनगर झालं. आज कोल्हापूर, सांगली, बेळगावकडचे व्यापारी घाऊक कापड घ्यायला गांधीनगरात येतात. लग्नाचा बस्ता बांधायलाही लोक तिथेच जातात. या गजबजलेल्या गल्ल्यांवर कुणी माहितीपट करायचा म्हटला, तर त्याला पोलंड आणि सिंध एकाच चौकटीत घ्यावे लागतील. जगात अशा जागा फार नसतील. माझ्या मते कोल्हापूरच्या तरुण दिग्दर्शकांनी हातातलं सगळं बाजूला ठेवून करावा असा हा विषय आहे.

खुणा शिल्लक आहेत. कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी १९९८ मध्ये उभारलेला कृतज्ञतास्तंभ आहे. ख्रिस्ती दफनभूमीत शिबिरात वारलेल्यांची थडगी आहेत; त्यांची डागडुजी झालेली आहे. युद्ध सुरू होऊन ऐंशी वर्षं झाली तेव्हा, सप्टेंबर २०१९ मध्ये, पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री आणि शिबिरात वाढलेली काही वृद्ध मंडळी इथे येऊन गेली. तिकडे वॉर्सात मोन्ते कासिनोच्या स्मारकाजवळ वळिवडे-कोल्हापूर शिबिराची स्मृतिशिला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली, तेव्हा इकडच्या वर्तमानपत्रांत वळिवड्याचं नाव पुन्हा झळकलं. त्याआधी, २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, युक्रेनमध्ये डॉक्टरकीला गेलेली भारतीय मुलं, त्यांत महाराष्ट्रातलीही, बर्फातून चालत पोलंडच्या सरहद्दीवर पोचली आणि तिथल्या लोकांनी त्यांना घास आणि ऊब दिली. युक्रेनच्या युद्धावर म्स्तिस्लाव चेर्नोव यांचा ‘ट्वेंटी डेज इन मारियुपोल’ हा माहितीपट २०२३ मध्ये आला. तो पाहणं सोपं नाही. पण पाहताना शहराबाहेर निघालेल्या गाड्यांच्या रांगा दिसल्या की पहलवी बंदर आठवतं.

खुणा दगडाच्या आहेत, त्या टिकतील. माणसं टिकणार नाहीत. १९४३ मध्ये दहा वर्षांचा असलेला वळिवड्याचा, चिंचवाडचा, उचगावचा मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला आहे. पोलिश बाजूच्या आठवणी पुष्कळ नोंदल्या गेल्या आहेत. त्यांनी संघटना केली, पुस्तकं लिहिली, माहितीपटांत साक्ष दिली. आपल्या बाजूच्या त्या मानाने फारच थोड्या. दूध घालणाऱ्याने काय पाहिलं, मराठा शिपायाच्या घरी युद्धाची कुठली बातमी पोचली, बराकीत नव्याने उतरलेल्या सिंधी कुटुंबाला भिंतीवर पोलिश भाषेत लिहिलेलं काही सापडलं का, हे विचारायचं राहून गेलं आहे.

विचारायला मोठी साधनं लागत नाहीत. मोबाइलचा कॅमेरा तिवईवर ठेवावा, पंखा बंद करावा म्हणजे आवाज स्वच्छ येतो, खिडकीकडे तोंड करून आजोबांना किंवा आजींना बसवावं. ‘युद्धाबद्दल सांगा’ असं म्हटलं की म्हातारी माणसं पुस्तकातलं सांगू लागतात किंवा गप्प बसतात. म्हणून तिथून सुरुवात करू नये. दूध तेव्हा शेर कितीला होतं, ते विचारावं. शिबिराच्या फाटकावर कोण उभं असायचं, आत जाताना चपला काढायला लागायच्या का, त्या बायका काय विकत घ्यायच्या आणि काय घ्यायच्या नाहीत, ते विचारावं. घरातलं कुणी पलटणीत होतं का, मनीऑर्डर कुणाच्या नावाने यायची, ती घेताना अंगठा कोण उठवायचं, ते विचारावं. मग मध्येच बोलू नये. बोलणारी माणसं थांबली तरी कॅमेरा बंद करू नये, कारण पुढचं वाक्य बहुतेक वेळा त्या थांबण्यानंतरच येतं.